पोटभाडेकरू
आईच्या आतड्याला संसर्ग झाला होता. डॉक्टर म्हणाले, “जेवण बंद झालं, तरी आतडं आपल्याच अस्तरातली साखर चांगल्या जंतूंना खाऊ घालतं. ते टिकले, तर घुसखोरांना जागा मिळत नाही.” आई पडल्यापडल्या हसली, “म्हणजे पोटाला चिमटा काढून पोटभाडेकरू पोसायचे! माझंच पोट ते!” आमच्या भाड्याच्या घरातली एक खोली तिने शिवणकाम करणाऱ्या मुलीला दिली होती, वर जेवूही घालायची. आई गेली. मी त्या मुलीला खोली सोडायला सांगितलं. मला रडू येत नव्हतं, भूकही लागत नव्हती. आज ती शिलाई मशीन ओढत दारात आली. “दादा, ही किल्ली.” किल्ली माझ्या तळहातावर नुसती पडून राहिली. “जेवलीस?” मी विचारलं. “नाही.” मी किल्ली तिला परत दिली, मशीन आत नेलं आणि तांदूळ धुवायला घेतले, तिच्यापुरते.