नन्नाचा पाढा

"परवानगी नाकारली." लाल ओळ अकराव्यांदा पडद्यावर उमटली आणि तिने टेबलावर मूठ आपटली.

"अगं, टेबलाने काय घोडं मारलंय तुझं?" समोरून खोडकाढ्या म्हणाला.

ऑफिसात सगळे त्याला खोडकाढ्याच म्हणत. त्याचं कामच ते. ती ॲप बनवायची आणि तो त्यातल्या खोडी शोधायचा. आज त्याचा इथला शेवटचा दिवस होता. पाच वाजता चावी आणि ओळखपत्र जमा करायचं, सहाची गाडी गाठायची, की चालला दुसऱ्या शहरात, दुसऱ्या नोकरीवर. त्याआधी एकच काम उरलं होतं, शिंप्यांसाठी केलेलं ॲप तपासून त्यावर 'पास' असा शेरा मारायचा. कापडाचा फोटो उघडायचा आणि त्यावर मापं लिहायची, इतकं सरळ ॲप. नेमका फोटोच उघडत नव्हता.

चूक सापडावी असं तिला वाटत होतं आणि सापडू नये असंही वाटत होतं. चूक सापडली की हा गेला.

त्याने तिला दोनदा विचारलं होतं. पहिल्यांदा जिन्यात. "तू माझ्याशी लग्न..." एवढंच तो बोलला आणि "नको" म्हणत ती दोन-दोन पायऱ्या उतरून मोकळी झाली. आपण काय ऐकलं ते तिला खाली पोचल्यावर कळलं. दुसऱ्यांदा झेरॉक्सच्या यंत्रापाशी. "मग, काही विचार केलास?" "आत्ता नको रे!" तेव्हा तिचं सगळं लक्ष यंत्रात अडकलेल्या कागदात होतं. त्यालाही दोन महिने झाले. आज विचारेल, उद्या विचारेल म्हणून ती रोज नीटनेटकी होऊन येत होती आणि हा पठ्ठ्या मूग गिळून गप्प.

आई म्हणायचीच, "तुझा आपला नन्नाचा पाढा. चहा घेतेस का म्हटलं की नको, आणि मग माझ्याच कपातला अर्धा पितेस!"

सकाळपासून तिने काय करायचं बाकी ठेवलं होतं? फाइलचा पत्ता तपासला. कोडची ओळन् ओळ वाचली. एम्युलेटर, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चालणारा तो खोटा फोन, तीनदा पुसून नवा केला. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

साडेचारला खोडकाढ्या खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसला. "पुन्हा पहिल्यापासून कर. मी नुसता बघतो."

तिने खोटा फोन चौथ्यांदा पुसून नवा केला. ॲप टाकलं, उघडलं, फोटोवर टिचकी मारली. लाल ओळ. पुन्हा टिचकी. पुन्हा लाल ओळ.

"थांब, थांब! मधे काय दाबलंस?"

"कुठे काय?"

"अगं, चौकट आली होती. फोटो पाहू द्यायचे का, असं विचारत होती बिचारी. तू 'नको' दाबलंस. दोन्ही वेळा. वाचायच्या आधीच!"

तिने कपाळावर हात मारला. खरंच की! कुठलंही ॲप काहीही मागो, तिचं बोट आपलं 'नको'वर. वर्षानुवर्षांची सवय. आणि आज ती स्वतःच्याच ॲपला सकाळपासून दारात उभं करत नव्हती. ती खो-खो हसत सुटली. तोही हसला. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"पण मेलं परत का नाही विचारत ते?" डोळे पुसत ती म्हणाली.

"दोनदा नको म्हटलं की तिसऱ्यांदा विचारत नाही. समोरच्याला उगाच त्रास नको म्हणून."

हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? ऑफिसातल्या नवख्यांना तिनेच तर शिकवलं होतं. पण आज ते ऐकलं आणि ती त्याच्याकडे वळली.

"राग येतो का त्याला?" तिने हळूच विचारलं.

"छे गं, राग कसला!" तो हातातल्या चावीकडे बघत म्हणाला. "नुसतं गप्प बसतं. मग ज्याने नको म्हटलं त्यानेच सेटिंगमध्ये जाऊन हो करायचं. आपणहून."

ती सेटिंगमध्ये गेली आणि परवानगी दिली. निळ्या फुलांच्या कापडाचा फोटो चटकन उघडला. पाचला दहा कमी होते.

"शाब्बास! पण शेरा एवढ्यात नाही हं," तो म्हणाला. ते त्याचं ठरलेलं वाक्य होतं, अख्ख्या ऑफिसला पाठ. "खोट्या फोनवर चाललेलं मी धरत नाही. आधी खऱ्या फोनवर दाखव."

तिने माउस बाजूला सारला.

"हो," ती म्हणाली.

"हो काय? दाखव ना."

"जिन्यातलं रे! आणि झेरॉक्सपाशी विचारलंस तेही. दोन्हीला हो. आपणहून."

त्याच्या हातातली चावी खाली पडली. आजूबाजूची टकटक थांबली. दहा माना एकदम वळल्या. खोडकाढ्या कानापर्यंत लाल झाला, पण जित्याची खोड जाते होय?

"खऱ्या..." तो चावी उचलायला वाकला. "खऱ्या फोनवर दाखव."

तिने पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकर चालू केला.

"बोल," पलीकडून आई म्हणाली. "आता काय नकोय तुला?"

"आई," ती म्हणाली, "एक जण हवाय."