दाराखालचा टॉवेल

थोरल्याच्या खोलीच्या दाराखाली आतून टॉवेल कोंबलेला आईला दिसला.

असाच टॉवेल तिने पूर्वी एकदा पाहिला होता. फटीतून कोणीतरी विष सोडतंय, असं तेव्हा त्याला वाटत होतं. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया, हे पुढे दवाखान्यात कळलं. घराला आधी कळला तो टॉवेल. मग गोळ्या सुरू झाल्या, बस्तान बसलं, पोरगा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला लागला. आता सगळं सुरळीत आहे, असं ती शेजारणीला परवाच म्हणाली होती. बोलायला नको होतं.

सकाळचा चहा दाराबाहेर तसाच निवला होता. आतले पडदे ओढलेले. आणि धाकटीच्या होणाऱ्या बाळासाठी त्याने स्वतः घासूनपुसून तयार केलेला पाळणा, काल रात्रीपर्यंत ज्याला तो कोणाला हात लावू देत नव्हता, तो खोलीबाहेरच्या बोळात उभा होता, ओलाचिंब.

"काय रे, बरं नाही का वाटत?" आईने दाराबाहेरून विचारलं.

"आज धाकटीला इकडे फिरकू देऊ नकोस," आतून घोगरा आवाज आला. "हवेतून येतं."

तेव्हाही तो हेच म्हणाला होता. अगदी हेच दोन शब्द. आईने डॉक्टरबाईंचा नंबर काढला. पहिली खूण दिसली की थांबू नका, असं बाईंनी बजावून ठेवलं होतं. पण फोन लावला की ते खरं होणार, म्हणून ती नुसतीच नंबराकडे बघत राहिली.

तेवढ्यात बेल वाजली. धाकटी आली होती, पाळणा न्यायला. सहावा महिना, जिने चढून धापा टाकत, काखेत तिने स्वतः शिवलेली इवलीशी गादी.

"दादा कुठाय?"

"झोपलाय."

"भर दुपारी? आई, तुला खोटं बोलता येत नाही. उगीच कष्ट कशाला घेतेस?"

आई आडवी येईपर्यंत ती बोळात पोचलीसुद्धा. तिने टॉवेल पाहिला, पाळणा पाहिला, आईच्या हातातला फोन पाहिला. मग दारावर टकटक करून सरळ विचारलं, "दादा, निरोप्या काही सांगतोय का?"

निरोप्या हे त्या दोघांचं जुनं नाव. मेंदूत निरोप पोचवणारं एक रसायन असतं, या आजारात ते नको तेवढा उत्साह दाखवतं, साध्या साध्या गोष्टी फार मोठ्या म्हणून सांगत सुटतं, असं डॉक्टरबाईंनी समजावलं होतं. गोळी त्याचा उत्साह आवरते. आईला ते नाव कधी उच्चारायचा धीर झाला नव्हता.

आत खोकल्याची उबळ आली.

"निरोप्या गपगार आहे. गोळी घेतलीय मी. तू मागे हो. आणखी मागे. पार स्वयंपाकघरात जा."

"अरे पण का?"

"ताप आलाय मला. कारखान्यात सगळेच खोकतायत. पोटात बाळ असताना आईला असला मोठा ताप आला, तर पुढे बाळाला माझ्यासारखं काही होण्याची शक्यता थोडी वाढते. डॉक्टरबाईंनीच सांगितलंय."

"थोडीच ना?"

"थोडीच. बहुतेकांना काही होत नाही. पण घरात एक नग आहे तेवढा पुरे, दुसरा कशाला?"

धाकटी खुदकन हसली. "आणि पाळण्याला आंघोळ कशापायी?"

"शिंकलो त्याच्यावर. साबणाने धुतलाय. पॉलिश पुन्हा करावं लागणार, माझंच मरण. आता जा बघू."

ती हसतहसत स्वयंपाकघरात गेली. आई मात्र जागची हलली नाही. थोरला पोटात असताना ती आठवडाभर तापाने फणफणली होती. डॉक्टरांनी कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. त्याला कळलं तर तो आपल्याला काय म्हणेल, या एकाच धास्तीने ती इतकी वर्षं गप्प होती.

"आई," आतून आवाज आला, "तू दाराला कान लावून उभी असशील."

ती तशीच उभी होती.

"माझ्या वेळचा तुझा ताप मला माहितीय. मावशी बोलून गेली एकदा. मी डॉक्टरबाईंना विचारलं. नुसत्या तापाने हा आजार होत नाही म्हणाल्या, दहा गोष्टी जुळाव्या लागतात." तो खोकायला थांबला. "आणि तू काय तो हौसेने आणला होतास? तुझ्या वेळी दाराला टॉवेल लावणारं कोणी नव्हतं, एवढंच."

आईने पदराने डोळे पुसले आणि कपाटातून थर्मामीटर आणला. दार बोटभर उघडलं, थर्मामीटर आत गेला, थोड्या वेळाने परत बाहेर आला. चष्मा वर सरकवत तिने तो उजेडात धरला.

"एकशे दोन!" पोरगा परीक्षेत पहिला आल्यासारखी ती स्वयंपाकघराकडे बघून ओरडली. "अगं, ताप आहे! खरंच नुसता ताप आहे!"

"आई, हळू," आतून तो म्हणाला. "डोकं दुखतंय."

दार लागलं. आईने दोरीवरचा आपला टॉवेल ओढला, गुडघे टेकून बसली, आणि तो दाराखालच्या फटीत बाहेरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, नीट दाबून बसवला.