ससुलीचा डूख
ससुली गेली, तरी तिच्या रक्तातली प्रतिपिंडं प्रयोगशाळेच्या फ्रीझरमध्ये जागी होती. माणसाच्या कर्करोगातलं प्रथिन तिला टोचून ती तयार केली होती. काचपट्टीवरच्या नमुन्यात तेच प्रथिन असलं, की तपकिरी डाग उमटायचा. "मॅडम, तुम्ही आलात की ही पाय आपटते," ससुली होती तेव्हा पिंजरे सांभाळणारे काका म्हणायचे. "इंजेक्शनं मी देते ना, माझ्यावर डूख धरलाय तिनं," मॅडम हसण्यावारी न्यायच्या. "इंजेक्शनं तर मीही देतो. धोका दिसला, की ससे असं करून इतरांना सावध करतात." आज शेवटची कुपी वापरताना मॅडमनी काचपट्टीवर नाव लिहिलं नाही. नमुना त्यांच्याच छातीतल्या गाठीचा होता. सूक्ष्मदर्शकात सगळीकडे गडद तपकिरी दिसलं. तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या ससुलीच्या रिकाम्या पिंजऱ्यात धप्पकन पाय आपटल्याचा आवाज आला. दारातल्या काकांनी वळून तिकडे पाहिलं. "काका," मॅडम पुटपुटल्या, "तिनं डूख धरला नव्हता."