बारावी चिठ्ठी

डब्यात अकरा चिठ्ठ्या होत्या. बारा असायला हव्या होत्या. रघुवीरने त्या चटईवर ओळीने मांडून पुन्हा मोजल्या. मिल, बिल, हिल, टिल, पिल, विल, फिल, ड्रिल, चिल, स्टिल, स्पिल. नव्हती ती एकच, किल. ती पोलिसांकडे होती.

परवा कोंडीराम पहिली पाळी संपवून गिरणीतून परतत होता. नाक्यावर दगडफेक झाली आणि हाताला लागेल त्याला पोलिसांनी धरलं. बाकीच्यांना संध्याकाळी सोडलं. कोंडीरामच्या खिशात मात्र इंग्रजी शब्द लिहिलेला कागद निघाला. किल, म्हणजे ठार मार. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत हे जाहीर झाल्यापासून परळ-लालबागेत गोळ्या झडत होत्या. अशा दिवसांत असा कागद म्हणजे कोणाचा तरी हुकूमच. कागद कोणी दिला, एवढंच चौकीतला साहेब विचारत होता. कोंडीरामची बायको बकुळा सांगत होती, दोन दिवस मार खातोय, पण तोंड उघडत नाही. खुनाच्या चिथावणीचं कलम लावणार म्हणतात. हवालदार म्हणाला, सात वर्षं धरून चाल.

रघुवीरला नवल वाटलं ते त्याच्या गप्प राहण्याचं. कारण खरं ते अगदी साधं होतं. रघुवीर बी.एस्सी. झालेला, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला. संध्याकाळी चाळीतल्या बारा गिरणी कामगारांना तो आपल्या खोलीत इंग्रजी शिकवायचा. एकाच शेपटीचे शब्द घ्यायचे आणि दर माणसाला एक वाटायचा. त्याने अर्थ पाठ करायचा आणि शब्द मुळात कुठून आला तेही. मिल हे मूळचं दळायचं जातं, हे कळल्यावर एकाने विचारलं होतं, मग आपण कोण, जोंधळे? कोंडीरामच्या वाट्याला किल आला होता. त्याचं मूळ पंडितांनाही नक्की ठाऊक नाही, पूर्वी अर्थ नुसता फटका मारणे असा असावा, हे त्याने चार दिवस घोकलं होतं. दोन वाक्यांत सुटला असता. घाबरला असेल बिचारा, रघुवीरने ठरवलं.

त्याने चिठ्ठ्या डब्यात भरल्या. पुरावा याहून चोख असू शकत नव्हता. प्रत्येक चिठ्ठीच्या मागे ज्याने त्याने आपल्या हाताने नाव, खोली नंबर आणि हजेरीच्या तारखा लिहिल्या होत्या. तो रघुवीरचाच नियम होता. नाव-तारीख नसलेली बाटली तो प्रयोगशाळेतही ओतून द्यायचा. आणि पगाराला अंगठा उठवत आलेल्या या माणसांना आपलं नाव लिहायला निमित्तच हवं असायचं. जमावबंदी लागली तेव्हाही वर्ग मोडला नव्हता. दार लावून घेऊया, असं कोंडीरामच म्हणाला होता.

चौकीत साहेबाने त्याला खुर्ची दिली. किल लिहिलेली चिठ्ठी टेबलावर पेपरवेटखाली होती. काचेच्या गोळ्याने अक्षरं फुगून दिसत होती. रघुवीरने तिच्याखाली एकेक करून अकरा चिठ्ठ्या मांडल्या.

साहेबाने एक उचलली. "पिल?"

गोळी, रघुवीर म्हणाला. लॅटिनमधून आलेला शब्द, मूळ अर्थ लहानसा चेंडू. साहेबाने दुसरी उचलली. बिल कसं शिक्क्याच्या मोहरेवरून आलं ते रघुवीरने सांगितलं. तिसरी, चौथी. कुठेच तो अडला नाही. साहेब चिठ्ठ्या उलटसुलट करून पाहत होता. मग त्याने पेपरवेटखालची चिठ्ठी काढली, तिच्या मागचं अक्षर बाकीच्यांशी ताडून पाहिलं आणि मान हलवली. "हुशार आहात तुम्ही. वर्ग रोज भरतो?"

"रोज. सहा ते सात."

"या आठवड्यातसुद्धा?"

"एकही खाडा नाही," रघुवीर म्हणाला. "तारखा आहेत मागे."

"बाराही जण?"

"बाराही. कोंडीराम धरला जाईपर्यंत."

साहेबाने चहा मागवला. चिठ्ठ्या गोळा करून डब्यात टाकल्या, डबा हवालदाराच्या हाती दिला आणि त्याला काहीतरी हळू सांगितलं. मग कोंडीरामच्या केसचा कागद पुढे ओढून चिथावणीचं कलम रघुवीरच्या देखत खोडलं. रघुवीरने चहा सगळा प्यायला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्याला चव लागली.

तासाभराने कोंडीरामला बाहेर आणलं. एक डोळा सुजून मिटला होता. त्याने रघुवीरकडे पाहिलं, मग टेबलाकडे. चिठ्ठ्यांचा डबा कोणत्या खोलीत असतो, कोणत्या फळीवर, हे त्याला माहीत होतं. त्याचं झाकण मात्र इथे टेबलावर पडलं होतं.

"मास्तरांनू, डबो खंय आसा?"

हवालदार घेऊन गेलाय, रघुवीर म्हणाला. आता भिऊ नकोस, कलम काढलं.

कोंडीराम भिंतीला टेकून हळूच खाली बसला. "दोन दिस मी मार खाल्लंय," तो म्हणाला, "ता कित्याक?"

कशासाठी? रघुवीरची नजर कोंडीरामच्या डोक्याच्या वर गेली. तिथे भिंतीला छापील हुकूम डकवला होता. येताना त्याने तो पाहिला होता, वाचला नव्हता. पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमण्यास मनाई.

बाहेर गाडी थांबली. हवालदार दारात उभा राहिला. डब्यातून एक चिठ्ठी काढायची, उलटी करायची, नाव वाचायचं, की एक माणूस आत येऊन बाकावर बसायचा. कोणी गंजीफ्रॉकवर होता. एकाच्या अर्ध्या गालावर साबण वाळला होता. कोणीही रघुवीरकडे पाहिलं नाही.

डबा रिकामा झाला. हवालदाराने वही उघडली, बाकावरच्यांना पेन्सिलीने मोजलं, मग कोंडीरामला, मग रघुवीरला. आकडा लिहिला. तेरा.