उतार

"उतार पडला बघा," म्हातारे डॉक्टर बॅग आवरत म्हणाले.

दोन दिवस पोटावर लाथा झाडणारा, लघवीसाठी कुंथणारा बैल सकाळपासून मुकाट उभा होता. वडिलांच्या जिवात जीव आला.

लेकीला मात्र ते पटलं नाही. ठकीला जनावरांची डॉक्टर होऊन जेमतेम चार महिने झाले होते. पण घरच्या बैलाला बघ, असं तिला कुणी म्हटलं नव्हतं. पिकतं तिथे विकत नाही.

ती न विचारताच गोठ्यात शिरली. लघवीच्या जागेचे केस कोरडे होते, त्यांना वाळूसारखे कण चिकटले होते. पोट दोन्ही बाजूंनी खाली ओघळलं होतं.

"बाबा, त्या अंगाला तळहात टेकवा." तिने अलीकडून टिचकी मारली. आतून लाट आली आणि वडिलांच्या हाताला लागली. ते दचकले.

"खड्याने वाट अडली होती. आता मूत्राशय फुटलंय, म्हणून कळ थांबली. हा उतार नाही, बाबा."

"ठके, साहेबांचा हात तीस वर्षांचा आहे. तू गप बस."

तिचे हात थांबले नाहीत. पोटात सुई घालून तिने पाणी काढलं, वाटीत घेऊन चुलीवर धरलं आणि ती वाटी डॉक्टरांच्या पुढे केली. वाफेला लघवीचा उग्र वास होता.

डॉक्टरांनी पुन्हा एकदा हुंगलं. मग बाह्या दुमडल्या.

"मी चुकलो. तू शिव, मी मदतीला थांबतो."

"दगावला तर?" वडिलांनी विचारलं.

"नाही शिवलं तर नक्की दगावेल," ठकी म्हणाली.

वडील चुलीकडे वळले. मग स्वतःच गरम पाण्याची बादली घेऊन आले.

अडीच तास लागले. तिने मूत्राशय शिवलं आणि वाट मोकळी होईपर्यंत लघवीसाठी पोटातून नळी बाहेर काढली. आठव्या दिवशी बैलाने आपल्या वाटेने खळखळून धार सोडली, तेव्हा आवाज ऐकून अख्खं घर गोठ्याकडे धावलं.

दुपारी पलीकडच्या गल्लीतला गवळी दारात आला. "बैल वाचवणारे डॉक्टरसाहेब इथेच भेटतील का? गाय दाखवायची होती."

वडिलांनी खुर्ची पुढे ओढली.

"साहेब नाहीत, बाई आहेत. हात धुताहेत त्या. बसा."