दोनशे बारावं झाड

नरखेडकडच्या त्या संत्राबागेत सकाळी धुकं इतकं दाट, की झाडं दिसतच नव्हती. बुंध्यांवर चुन्यानं लिहिलेले आकडे तेवढे तरंगत होते. शेवटच्या, दोनशे बाराव्या झाडाखाली तुळसाबाई बसली होती. तिचा नवरा चंपतराव कुऱ्हाड घेऊन बांधावर उभा.

दरवर्षी नागपूरच्या कॉलेजातून गार्गी फळं मोजायला यायची. कोणती पाच झाडं मोजायची, ते तिचा मोबाईल ठरवायचा. तिनंच लिहिलेला प्रोग्राम वाटेल तो आकडा काढायचा. दोनशे बारावं झाड ट्रॅक्टरच्या वळणात आडवं येई. पण त्याचं कलम तुळसाबाईनं माहेराहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेलं. शेवटी नवराबायकोत पैज लागली. तीन वर्षांत एकदा जरी त्याचा आकडा आला तर झाड राहील, नाही तर तोडायचं.

हे तिसरं वर्ष. गार्गीच्या मोबाईलवर चार आकडे येऊन गेले होते.

"तुह्या मोबाईललेबी माह्या माहेराचं वावडं हाये का वं?" तुळसाबाई हसली.

"काहून हसते वं? एकच राह्यला," चंपतराव म्हणाला.

तिचा हात खोडावरून हलला नाही. "दाखव बरं पोरी, कुठून कुठवर शोधते थो?"

गार्गीनं दाखवलं. १ आणि २१२.

"हे काय, हाये न माहं झाड!"

गार्गी 'हो' म्हणाली आणि तिचं बोट त्या २१२वरच थांबलं. प्रोग्रामच्या या भाषेत शेवटचा आकडा म्हणजे कुंपण. निवड त्याच्या अलीकडेच थांबते.

"काकू, तुमचं झाड यात नव्हतंच. तिन्ही वर्षं. माझी चूक."

धुक्यात कुठंतरी पंप सुरू झाला.

"अन् मी नशिबाले बोल लावून राहिली होती," तुळसाबाई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आयकलं का जी? चिठ्ठीच टाकली नाही, अन् हारलं म्हनता!"

चंपतरावानं डोकं खाजवलं. "हे त बरोबर नाही झालं. घे, आनखी तीन वर्सं." त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली.

गार्गीनं २१२चे २१३ केले आणि बटण दाबलं.

"अडतीस आला, काकू."

"येऊ दे."

तुळसाबाई पदर खोचून झाडाखालचा पाला हातानं बाजूला सारत होती, पाहुणा यायचा असला की अंगण करतात तसं.

"आता याच्या आकड्याले येता त येते न."