खालचा गट
अंगणवाडीत नातवाचं वजन करणार म्हटल्यावर कुंडलच्या धोंडिराम वस्तादांना हुरूप आला. पैलवानांचं वजन उतरवून त्यांना खालच्या गटात लढवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी तीन वर्षांच्या शिवांशला सकाळपासून दुधाचा थेंब दिला नाही, मारुतीच्या देवळाला पाच फेऱ्या पळवलं, काट्यावर चढवताना चांदीचा करदोटाही काढून घेतला. वजनाचा आकडा बघून अंगणवाडीच्या ताईंचा चेहराच पडला. “गेल्या महिन्यात पोरगं तक्त्यावर हिरव्यात होतं, आज कमी वजनात गेलं!” “बसला न्हवं खालच्या गटात!” वस्तादांनी मांडीवर थाप मारली. “आता लावा जोड!” ताईंनी कपाळाला हात लावला. सुनेनं लेकाला काट्यावरून उचलून कडेवर घेतलं. घरी आल्यावर तिनं सासऱ्यांच्या बदामी थंडाईचा तांब्या उचलला आणि लेकाच्या तोंडाला लावला. “आन् माझा खुराक?” “मामा,” सून म्हणाली, “आजपास्नं खालच्या गटात तुमी.”